कोल्हापूरचा छापील पर्यटन नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून करायचा आहे, मदत हवी

बिंदूचौक_लॉज
नमस्कार मंडळी. बिंदू चौकाजवळ आमचं सात खोल्यांचं लॉज आहे. येणारी बहुतेक मंडळी घरातल्या वडीलधाऱ्यांना अंबाबाईच्या दर्शनाला घेऊन आलेली असतात. गेल्या मे महिन्यात सोलापूरकडच्या एक आजी भर दुपारी अनवाणी परत आल्या. चपला महाद्वाराशी काढल्या होत्या, गर्दीच्या रेट्यात बाहेर पडल्या त्या घाटी दरवाजातून. फोन मुलाकडे, मुलगा रांगेत. तळपायाला फोड आले होते. त्यांचे पाय पाण्यात सोडून बसवलं आणि तेव्हाच ठरवलं, पाहुण्यांच्या हातात कागदी नकाशा द्यायचा.

मी पाहिलेल्या नकाशांत देऊळ म्हणजे एक ठिपका असतो. मला चारही दरवाजे वेगवेगळे हवेत. शिवाय भवानी मंडप, खासबाग, चप्पल लाइन, रंकाळा, पंचगंगा घाट, स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी. सगळं मराठीत, ए-थ्री कागदावर. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा ना, त्याचा डेटा छापून वाटलेला चालतो का? एक्सेल येतं, नकाशाचं सॉफ्टवेअर कधी उघडलेलं नाही.

रेषा_आणि_बिंदू
ताई, चालतो. २०१२ पासून हा डेटा ओडीबीएल या खुल्या डेटाच्या परवान्याखाली आहे. छापा, वाटा, विकलात तरी हरकत नाही. फक्त नकाशावर ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ असं वाचता येईल एवढं लिहा. आणि गूगलच्या नकाशात बघून एकही जागा उतरवू नका, त्याला परवानगी नाही.

ओव्हरपास टर्बो या साइटवर कोल्हापूरचा भाग निवडून रस्ते, देवळं, स्वच्छतागृहं असं एकेक मागवा, जिओजेसन (नकाशाच्या डेटाची) फाइल उतरवा आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. दोन्ही फुकट आहेत. मराठी नावं ‘नेम:एमआर’ या रकान्यात असतात, आणि बऱ्याच ठिकाणी तो रिकामा सापडेल. तो आधी ओपनस्ट्रीटमॅपवरच भरा, म्हणजे पुढच्या माणसाच्याही कामी येईल. दरवाज्यासाठी आवाराच्या भिंतीच्या रेषेवर बिंदू ठेवून त्याला ‘एन्ट्रन्स’ टॅग (ती जागा काय आहे ते सांगणारी खूण) आणि नाव द्यायचं.

प्रमाणाचं आधी ठरवा. १:५,००० ला ए-थ्रीच्या ४२ सेंटीमीटर लांबीत २.१ किलोमीटर मावतात. त्यात दरवाजे एकमेकांना चिकटतील, म्हणून देवळाचा परिसर कोपऱ्यात १:१,००० ला वेगळा काढा. तिथे १०० मीटर म्हणजे १० सेंटीमीटर.

तिकटीवरचा
ताई, लई चांगलं काम घेतलंय. नावं मात्र लोकांच्या तोंडातली घ्या. पापाची तिकटी, बिनखांबी गणपती, गंगावेस, गुजरी. पाहुणा रस्ता विचारणार तो याच नावांनी, आणि रिक्षावाला सांगणार तोही याच. कागदोपत्री नाव वेगळं असेल तर हे ‘आल्ट नेम’ म्हणजे पर्यायी नावाच्या रकान्यात टाका.

आणि डेटावर विसंबून छापू नका, पायी फिरा. खासबागेला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं. मी तिथं लहानपणापासून नाटकं बघितलीत, लिहिताना अजून गलबलतं. जुन्या डेटावर नकाशा केला असता तर तिथं काय छापलं असतं?

रेषा_आणि_बिंदू
छपाईचं राहिलंच. छापखान्यात फॉन्ट बदलला तर ‘महाद्वार’मधला द्व फुटतो. पीडीएफ देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांची चित्रासारखी आकृती करून द्या. कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा टाकायचा मोह झाला तर सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्याच घ्या, ओपनस्ट्रीटमॅपच्या नको.

बिंदूचौक_लॉज
रविवारी पहाटे साडेपाचला कच्चा प्रिंट आणि पेन्सिल घेऊन निघाले. नकाशात तीन ठिकाणी पिण्याचं पाणी होतं, त्यातला एक नळ कोरडा. खोडला. महाद्वाराशी एका फुलवाल्या मावशींना प्रिंट दाखवला. त्या म्हणाल्या, “नुसतं दरवाजाचं नाव लिहून काय हुतंय बाई? भायेर पडलं की म्होरं काय दिसतंय ते लिव्ह.” मग चारही दरवाज्यांतून आत जाऊन बाहेर आले, आणि प्रत्येक वेळी उंबऱ्याबाहेर थांबून समोर दिसेल ते लिहिलं. महाद्वाराच्या पुढ्यात आता ‘समोर सरळ महाद्वार रोड’ आहे.

वर एक रिकामी चौकट ठेवली आहे: ‘चपला इथे काढल्या’. चार दरवाज्यांची नावं, शेजारी खूण करायला जागा. निघताना पेनही देणार आहे. सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचायला दिला तर ९ पॉइंटचं अक्षर दिसेना, १३ ला दिसलं. आता रस्त्यांची नावं कुठली गाळायची ते बघते आहे.