कुत्रा चावल्यावर रेबीजची लस दिली, मग वर सीरम कशाला?

गवतीचहा:
भाचा 12 किलोचा. कुत्रा बोटाला चावला, रक्त आलं. दंडात लस दिली, आता जखमेत सीरमही टोचायचं म्हणतात. दोन्ही का? आणि पोटातली ती 14 इंजेक्शनं बंद का झाली?

शिंपला:
रक्त आलं म्हणजे तिसरी, सर्वांत गंभीर श्रेणी, सीरम टाळू नका. लशीमुळे अँटिबॉडी (विषाणूला निकामी करणारी प्रथिनं) पुरेशा तयार व्हायला 7 ते 14 दिवस जातात. तेवढ्यात विषाणू नसेत शिरला, तर मग त्या असून उपयोग नाही. सीरम म्हणजे आयत्या अँटिबॉडी, जखमेतच विषाणूला गाठणाऱ्या. म्हणून ते कमरेत देऊन भागत नाही.

घोड्याच्या रक्तातून काढलेलं सीरम वजनाच्या किलोला 40 युनिट, माणसाचं 20. तुमच्याकडे घोड्याचं असेल तर 480 युनिट. बाटलीत मिलिलिटरला 300 असतील तर 1.6 मिलि. लहान बोटात एवढं मावणार नाही. रेटून भरलं तर बोट पांढरं पडतं, रक्त पोचत नाही. मावेल तेवढंच. (पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या एकाच प्रकारच्या अँटिबॉडीचं इंजेक्शनही मिळतं, त्याची मात्रा किलोला 3.33 युनिट. आकडे एकमेकांत मिसळू नका.)

पहिल्या लशीला 7 दिवस उलटले की सीरम देत नाहीत. शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी सुरू झालेल्या असतात, त्यात सीरम आड येतं.

आडवाटेचा:
त्याआधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुतली का? घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नको. टाके घालायचेच तर सीरमनंतर.

सरकारी दवाखान्यात लस बहुधा त्वचेत देतात: दोन्ही दंडांवर प्रत्येकी 0.1 मिलि, दिवस 0, 3, 7, 28. टोचल्यावर संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा दिसला पाहिजे. नाही दिसला तर सुई खोल गेली, शेजारी पुन्हा द्यावं लागतं. स्नायूतली लस 0, 3, 7, 14, 28. कुल्ल्यावर कधीच नाही, चरबीत लस मुरत नाही. 28 वा दिवस लोक हमखास विसरतात.

शिंपला:
पोटातली लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून, फिनॉलने मारून केलेली असायची. ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड सेंपल यांची, हिमाचलातल्या कसौलीची पद्धत. त्या मेंदूबरोबर मज्जातंतूंच्या आवरणातलं प्रथिनही टोचलं जायचं. काहींची प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध उठायची आणि स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडायची. अर्धांगवायूपर्यंत मजल जायची. भारतात 2004 च्या अखेरीस ती बंद झाली. आताची लस पेशींवर वाढवतात, तिच्यात मेंदूचा अंश नसतो.

गवतीचहा:
घोड्याच्या सीरमची अ‍ॅलर्जी?

आडवाटेचा:
होऊ शकते. त्वचेवरची चाचणी साफ आली म्हणून निश्चिंत होता येत नाही, म्हणून अ‍ॅड्रेनलिन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं औषध) भरून हाताशी ठेवतात. टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. आठवडा-दहा दिवसांनी ताप, अंगावर गांधी, सांधेदुखी आली तर ती सीरमची उशिराची प्रतिक्रिया. डॉक्टरांना दाखवा, पण लशीचे उरलेले डोस थांबवू नका. आणि लशीचं कार्ड जपा: पूर्ण कोर्स झालेल्याला पुन्हा कुत्रा चावला तर 0 आणि 3 दिवशी लस पुरते, सीरम लागत नाही.