अनुभव धागा : पीसीच्या केसमधले फॅन तुम्ही कुठे आणि कसे लावलेत?

माडाखाली (पर्वरी)

नमस्कार मंडळी. गेल्या मे महिन्यात व्हिडिओ रेंडर करताना (म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवताना) माझा पीसी एका आठवड्यात तीनदा आपोआप बंद पडला, आणि त्याचं कारण शोधताना जे कळलं ते आपल्या गोव्यातल्या लोकांच्या कामाचं आहे असं मनापासून वाटलं म्हणून हा धागा काढतोय. मे मध्ये माझ्या खोलीतच ३३-३४ डिग्री असते, एसी नाही. हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे थंड गावातल्या कुणाच्या व्हिडिओत ६५ डिग्री दिसले म्हणून आपल्याकडे तेवढेच येतील असं धरून चालू नका. आपल्या खोलीपेक्षा किती वर गेलं ते बघा.

माझ्या केसला पुढे १२० मिमीचे तीन फॅन आणि मागे एक. दुकानातून जोडूनच आणलेला, त्यामुळे मी कधी उघडून बघितलाच नव्हता. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट बदलली, धूळ काढली, फरक शून्य. शेवटी देवापुढची उदबत्ती आणली, खोलीतला पंखा बंद केला आणि पुढच्या जाळीवर खालून वर हळूहळू फिरवली. खालच्या फॅनपाशी धूर सरळ आत. मधल्यापाशी आलो तर धूर उलटा माझ्या तोंडावर! वरच्यापाशी परत आत. म्हणजे मधला फॅन उलटा बसवलेला, शेजारचे दोघे आत घेत होते ती हवा हा तिथल्या तिथे बाहेर टाकत होता. चार स्क्रू काढले, फिरवला, लावला. तेच रेंडर, तीच खोली, प्रोसेसर ९४ डिग्रीवरून ८१.

ओळखायचं कसं, तर फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. काही फॅनच्या कडेला बाण पण असतात. पण हल्ली काचेतून छान दिसावेत म्हणून रिव्हर्स पात्यांचे फॅन मिळतात, त्यात हे बरोबर उलटं असतं, म्हणून काड्यांपेक्षा उदबत्तीवर विश्वास ठेवा.

तुमचे अनुभव लिहा. फॅन किती, कुठे, खोली कशी, बदल केल्यावर काय झालं. बदल करून काहीच झालं नसेल तर ते तर नक्कीच लिहा.

तांबडीमाती (डिचोली)

धागा आवडला. आमच्याकडे प्रश्न उष्णतेचा कमी आणि धुळीचा जास्त. रस्त्याला लागून घर, उन्हाळ्यात सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळी तांबडं. मी सुरुवातीला सगळी गरम हवा बाहेर टाकायची म्हणून मागे एक, वर दोन असे तीन फॅन बाहेर फेकणारे लावले आणि पुढे एकच आत घेणारा. तापमान चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण दोन महिन्यांनी उघडलं तर ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या पट्ट्यांच्या फटीत, यूएसबीच्या भोकांत, काचेच्या कडेला, जिथे जिथे फट तिथे तिथे तांबडी रेघ. पुढची जाळी मात्र बऱ्यापैकी स्वच्छ. तेव्हा डोक्यात उजेड पडला की बाहेर फेकणारे फॅन जास्त झाले की केस ती कमी पडलेली हवा मिळेल त्या फटीतून ओढते, आणि फटींना कुठे फिल्टर असतो?

आता पुढे तीन आत, मागे एक बाहेर, वरचे दोन काढून टाकले. तापमान २-३ डिग्री वाढलं असेल पण धूळ सगळी पुढच्या जाळीवर अडकते. ती जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरायची, सावलीत पूर्ण वाळवायची, परत लावायची. पाच मिनिटांचं काम. आणि ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा रे बाबांनो, वाऱ्याने भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं, माझा एक फॅन तसाच गेला.

खारंवारं (वास्को)

तांबडीमाती, तुमची धूळ तांबडी, आमची काळी :) खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की बोट काळं. वर समुद्राची खारी हवा, केसचे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात. मी खिडकीजवळचा पीसी खोलीच्या आतल्या भिंतीला नेला आणि मागे वीतभर जागा सोडली. फॅन होते तेच. आधी मागचा फॅन भिंतीवर आपटून परत येणारी गरम हवा तिथेच घोळवत होता, ते थांबलं.

आबोली (मडगाव)

मी आर्किटेक्ट, घरूनच काम, दिवसभर थ्रीडी. आमच्या सुताराने टेबलाला पीसीसाठी सुंदर लाकडी कप्पा करून दिला होता, दरवाजासकट. दिसायला खूप छान, पण आत ठेवला की तासाभरात फॅन विमानासारखे. महागडे फॅन घ्यायचा मूर्खपणा न करता मी आधी नुसता दरवाजा उघडा ठेवून बघितलं, लगेच ९ डिग्री कमी. मग सुताराला बोलावून कप्प्याची मागची फळी पूर्ण कापली. फॅन तेच, केस तीच. माझं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, ते एकटंच १७० वॅटपर्यंत घेतं आणि ती सगळी उष्णता केसमध्येच सोडतं, तिला बाहेर जायला वाटच नव्हती.

दुसरी गोष्ट, माझ्या केसचं पुढचं तोंड अख्ख्या काचेचं होतं, हवेला फक्त कडेची बोटभर फट. ती काच काढून चालवून बघा एकदा. माझ्याकडे आणखी ६ डिग्री उतरले, मग मी जाळीवालीच केस घेतली.

फोंड्याचो (फोंडा)

मी जरा मोजमाप करणारा माणूस आहे त्यामुळे लांब लिहितोय, सांभाळून घ्या. माझा प्रश्न होता वर फॅन लावावा की नाही. माझ्या केसला वर दोन जागा, एक मागच्या बाजूला, एक पुढच्या बाजूला. प्रोसेसरवर टॉवर कूलर, म्हणजे उभा, पुढून मागे हवा नेणारा. दर वेळी अर्धा तास तोच लोड, खोलीत थर्मामीटर, आणि फॅनचा वेग बायोसमधून (पीसी सुरू होताना उघडते ती बोर्डाची सेटिंग) एकाच आकड्यावर बांधलेला, नाहीतर फॅन आपोआप वाढतात आणि तुलनाच होत नाही. पुढे दोन आत, मागे एक बाहेर, वर काही नाही, प्रोसेसर ७९. वर मागच्या जागेत एक बाहेर फेकणारा लावला तर ७६. खूश होऊन पुढच्या जागेत पण लावला, परत ७८! पुढून येणारी थंड हवा कूलरपर्यंत पोचायच्या आत तो वरचा पुढचा फॅन ती खेचून बाहेर टाकत होता. तो काढला, आणि ती जागा कार्डशीटने झाकून टाकली.

गरम हवा वर जाते हे खरं पण केसच्या आत फॅनच्या जोरापुढे ते काहीच नाही, त्यामुळे वर फॅन हवाच असं नाही.

आणि फॅन जोडताना एका हेडरवर (मदरबोर्डावरची फॅनची वायर लावायची पिन) स्प्लिटर, म्हणजे एकाच्या अनेक करणारी वायर, लावून चार-पाच फॅन लटकवू नका, बहुतेक बोर्डांवर एका हेडरची मर्यादा १ अँपिअर असते. फॅनच्या स्टिकरवर अँपिअर लिहिलेले असतात, बेरीज करून बघा.

पाटलेंदार (म्हापसा)

पॉवर सप्लायचं कुणी लिहिलं नाही. माझा खाली बसतो, फॅन खालच्या तोंडाने, म्हणजे बाहेरचीच हवा घेतो आणि मागून टाकतो. पण केस जमिनीवर जाड पायपुसण्यावर ठेवली होती आईने, फरशी गार लागते म्हणून, तर त्याचा श्वासच बंद. आता चार इंच उंच लाकडी पाटावर आहे.

एक शंका, पावसात हवेत इतका दमटपणा असतो, तर फॅन कमी ठेवावेत का? आत पाणी धरेल अशी भीती वाटते.

माडाखाली (पर्वरी)

पाटलेंदार, नाही, बिलकुल कमी करू नका. पाणी धरतं ते हवेपेक्षा थंड वस्तूवर, थंडगार सोलकढीच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसं. चालू पीसीतले भाग हवेपेक्षा गरम असतात, तिथे पाणी धरत नाही. उलट जुलै-ऑगस्टमध्ये महिना महिना बंद पडलेल्या पीसीला बुरशी आणि गंज लागतो, म्हणून वापर नसला तरी दोन दिवसांनी तासभर चालू करा. फक्त एसीच्या खोलीतून गार झालेला पीसी दमट खोलीत आणलात तर लगेच बटण दाबू नका, तासभर तसाच राहू दे.

आबोली ताई, दरवाजा उघडून बघायची युक्ती फार आवडली, पैसा न घालता कारण सापडलं. फोंड्याचो बाब, तुमचं मोजमाप पण फार आवडलं.

तांबडीमाती (डिचोली)

फोंड्याचो, वरची मोकळी जागा कार्डशीटने झाकल्यावर काही फरक पडला का? माझ्या वरच्या दोन्ही जागा उघड्याच आहेत.

फोंड्याचो (फोंडा)

तापमानात नाही पडला. धूळ कमी झाली, पीसी बंद असताना वरून पडायची ती.

आबोली (मडगाव)

उदबत्ती लावून बघितली. चवथीच्या सामानातली जाड वाली, धूर भरपूर. पुढचे दोन्ही बरोबर ओढतात, मागचा बरोबर फेकतो, पण मागून निघालेला धूर टेबलाखालून फिरून परत पुढच्या जाळीकडे येतोय, स्पष्ट दिसतं. फळी कापली तरी टेबलाच्या खालीच कोंडतंय सगळं. उद्या पीसी टेबलावर घेते आणि आकडे टाकते.