बोअरच्या पाण्याला रॉकेलसारखा वास

मांजलपूरची_सून: बडोद्यात आमच्या सोसायटीच्या बोअरला पावसाळ्यानंतर रॉकेलसारखा वास येतोय. शेजारी पेट्रोल पंप आहे. टीडीएस ४५० आलाय, म्हणजे ठीक ना? सासूबाई म्हणतात, उकळून प्या.

निवृत्त_केमिस्ट: अहो, उकळू नका! पेट्रोलमधलं बेंझीन ८० अंशांनाच उकळतं. पाण्यातून निघून तुमच्याच स्वयंपाकघराच्या हवेत जाईल. टीडीएस मीटर क्षारांचा अंदाज देतो, पेट्रोलचा त्याला पत्ताच नसतो. काचेच्या कुपीत नमुना काठोकाठ भरा. बुडबुडा राहिला तर बेंझीन त्यात निसटतं. बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला द्या, गॅस क्रोमॅटोग्राफीने बीटेक्स, म्हणजे बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन आणि झायलीन तपासायला सांगा. पिण्याच्या पाण्यात बेंझीनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. बेंझीनचा वास यायच्या कितीतरी आधीच ती ओलांडलेली असते.

दांडियाबाजारवाला: आरओ आहे की घरी!

निवृत्त_केमिस्ट: त्याच्या भरवशावर राहू नका. दाणेदार सक्रिय कोळसा बेंझीन शोषतो, पण तोही भरतो, वेळेवर बदलावा लागतो. तोवर प्यायला, स्वयंपाकाला महापालिकेचं पाणी घ्या. बोअरच्या गरम पाण्याने बंद न्हाणीघरात अंघोळही नको. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या तपासायला हव्यात.

मांजलपूरची_सून: सासूबाई विचारतायत, तुळशीला चालेल का?

निवृत्त_केमिस्ट: रिपोर्ट येऊ द्या की हो!