दात झिजले म्हणून हाडं पोकळ? थांबा जरा बाप्पा

बर्डीवरचा बाकडा
काल आपल्या नागपूरच्या ग्रुपवर एकानं टाकलं: "दात चपटे झाले म्हणजे हाडांतलं झिंक, तांबं, मँगनीज संपत आलं. आजच मिनरल पावडर सुरू करा." खाली डब्याचा फोटो, त्याखाली "धन्यवाद सर"ची रांग.

तो डबा मी घेतला होता. बाराशे रुपये, चव ओल्या चुन्याच्या भिंतीची. तीन महिने इमानदारीनं खाल्ला. थंड पाण्याचा ठणका काही जाईना, म्हणून धंतोलीत दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी आरसाच हातात दिला. खालच्या दाढा कॅरमच्या स्ट्रायकरसारख्या सपाट. "झोपेत दात खाता का?" मी नाही म्हणायच्या आत बायको बोलली, "रोज रात्री गिरणी चालू असते." हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, ती एकदम नॉर्मल.

इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, हाड नाही हो. ते जवळपास ९६ टक्के खनिज, आणि ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपतात. एकदा घासलं गेलं की गेलं. हाड मात्र जन्मभर मोडत-बांधत राहतं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं तर शरीर ते हाडातून उचलतं, इनॅमलला हात लावत नाही. मग दाढ बघून हाडाचा हिशेब कसा मांडता?

खामल्याची काकू
एवढं ठासून सांगू नका. माझ्या आईचे दात हिरडीपर्यंत झिजले होते. सत्तराव्या वर्षी न्हाणीत पाय सरकला अन् खुबा मोडला. दोन्ही एकाच बाईत डोळ्यांनी पाहिलं मी. याला काय म्हणाल?

बर्डीवरचा बाकडा
काकू, राग नका मानू, आई गुडाखू, ती तंबाखू-गुळाची पेस्ट, दातांना लावायच्या का?

खामल्याची काकू
लावायची. दिवसातून चारदा. मग? म्हाताऱ्या बाईचा तेवढाच शौक होता.

बर्डीवरचा बाकडा
मग दात गुडाखूनं घासले आणि खुबा वयानं मोडला. ठिसूळ हाडांचा संबंध लावतात तो दात हलून पडण्याशी, कारण जबडाही हाडच. पडणं वेगळं, झिजणं वेगळं.

ओपीडीतली
दातांच्या ओपीडीत बसते, रोज बघते. आपल्याकडं दात झिजवणारा पहिला गुन्हेगार खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण. सुपारी दिवसभर दाढेखाली. वर सांगतात, "मॅडम, चुना असतो न त्यात, कॅल्शियम मिळते." त्याच सुपारीत तांबंही भरपूर असतं, आणि तोंड उघडेनासं होणाऱ्या आजाराशी त्याचं नातं जोडतात. घ्या तुमचं ट्रेस मिनरल!
दुसरा गुन्हेगार आंबट. सीझनमध्ये संत्र्याची फोड गालात धरून तासभर चोखत बसणारे येतात, त्यांचे पुढचे दात काचेसारखे पातळ झालेले असतात.

काटोलचा बगीचा
आता संत्र्यानं काय केलं बे तुमचं? खर्रा खाणारे खर्रा खातेत अन् नाव आमच्या संत्र्याचं! आमचा आजा रोज दहा संत्रे खात होता, ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खाये. आधीच आंबिया बहाराची अर्धी फळं गळून राहिली, कळमन्याच्या बाजारात व्यापारी भाव पाडून मागते, आता डॉक्टरबी मागं लागले.

ओपीडीतली
दादा, खाऊ नका असं कुठं म्हटलं? तोंडातला सामू (pH, जितका कमी तितकं आंबट) साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, अन् संत्र्याचा रस त्याच्या बराच खाली. खा, पाण्यानं चूळ भरा, अर्धा तास ब्रश करू नका. तुमच्या आजोबांनी खाऊन लगेच ब्रश घासला असता तर बघितलं असतं मी.

काटोलचा बगीचा
आजा कडुनिंबाची काडी घासे, तेबी सकाळी एकदाच. चला, चूळ भरायचं मान्य. पण पॅकबंद ज्यूसवाल्याले पहिले बोला, मग आमच्याकडं या.

खामल्याची काकू
संत्र्यावरून एवढं रामायण! माझ्या आईचा प्रश्न राहिलाच.

निवृत्त पाणीवाला
आईंचं राहू द्या ताई. बाकडा, तुमचं अर्धंच बरोबर. दात आणि हाड दोन्ही एकदम बिघडवणारी गोष्ट आपल्याच विदर्भात आहे: बोअरचं पाणी. चंद्रपूर, यवतमाळकडच्या गावांत फिरलोय मी. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, खड्डे, आणि असं इनॅमल फुटून लवकर झिजतं. वय वाढलं की त्याच माणसाची कंबर-मान लाकडासारखी ताठ. कारण फ्लोराइड. लिटरला १ मिलिग्रॅम चालतं, दुसरी सोयच नसेल तर १.५, त्यापुढं नाही.

आणि ट्रेस मिनरलला हसू नका. १९७० च्या दशकात तेलंगणातल्या नलगोंड्याकडं तरुण पोरांचे गुडघे आत वळायला लागले. तिथं पाण्यात फ्लोराइड होतंच. हैदराबादच्या पोषण संस्थेच्या लोकांना ज्वारीत मॉलिब्डेनम जास्त सापडलं, ते शरीरातलं तांबं बाहेर काढतं. तांबं कमी पडलं की हाडातल्या कोलॅजनचे टाके सैल. पाण्यातलं फ्लोराइड काढायची तुरटी-चुन्याची 'नलगोंडा पद्धत' मात्र आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची, हे नागपुरातच कुणाला माहीत नसतं!

बर्डीवरचा बाकडा
बरं, मानलं. फ्लोराइडच्या गावात दात बघून हाडाची शंका घ्या. पण तिथंही पावडर कशाला, पाणी बदला न. आणि पट्टे पडतात ते लहानपणी, दात घडताना. मोठेपणी ते पाणी प्यालं तर दात तसेच, हाडात मात्र साठत राहतं. म्हणजे दातांचा आरसा तिथंही अर्धाच!

निवृत्त पाणीवाला
हरायचंच नाही तुम्हाला. असो, मुद्दा बरोबर आहे.

काटोलचा बगीचा
एक सांगू का? संत्र्याचं पान पिवळं पडलं तर आम्हीबी झिंक फवारतो. पण पहिले पान तपासाले देतो. झिंक कमी हाय का लोह, का मुळाशी पाणी साचलं, ते पाहिल्याबिगर फवारलं तर पैसे मातीत. तुम्ही शहरवाले दात पाहून माणसाले डबा पाजता. झाडापेक्षा माणूस स्वस्त झाला काय?

बर्डीवरचा बाकडा
हे बाराशे रुपये जायच्या आधी सांगायचं होतं भाऊ.

लेआऊट नंबर ९
मध्येच विचारतो. शहरात पेंच-कन्हानचं पाणी, पण आमच्या बेसाकडच्या लेआऊटात अजून बोअरच. पोरगा सहा वर्षांचा, दुधाचे दात पडून राहिले. पाणी उकळून देतो, चालते न?

निवृत्त पाणीवाला
उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. स्वच्छ प्लास्टिक बाटलीत लिटरभर भरा, भूजल सर्वेक्षणवाल्यांच्या प्रयोगशाळेत द्या. रिपोर्ट येईस्तोवर पोराला आरओचं द्या. आठ वर्षांपर्यंत त्याचे पक्के दात घडत असतात, तेव्हा उद्यावर टाकू नका.

लेआऊट नंबर ९
सकाळीच नेतो. बिस्लेरीची रिकामी बाटली चालेल?

ओपीडीतली
चालेल. त्याच बोअरच्या पाण्यानं तीनदा विसळा, मग भरा.

खामल्याची काकू
काटोलवाले, संत्री शेकडा कशी दिली?

काटोलचा बगीचा
शेकड्याचा जमाना गेला काकू, आता क्रेटनं. चूळ भरायचं पाणी तुमचं.