नॅन्टविचची लढाई दरवर्षी पुन्हा लढावी का?

विव्हरकाठ

मी इंग्लंडच्या चेशायर परगण्यात राहते. इथल्या नॅन्टविच गावात २५ जानेवारीच्या आसपासच्या शनिवारी 'हॉली होली डे' असतो. लोक टोपीला नाहीतर कोटाला हॉली या काटेरी पानांच्या झुडपाची डहाळी खोचतात, ढोल वाजवत शिपायांच्या तुकड्या गावातून येतात आणि दुपारी मिल आयलंडच्या हिरवळीवर १६४४ ची लढाई पुन्हा लढली जाते. लढणारे सगळे हौशी, 'सील्ड नॉट' या संस्थेचे सभासद. मी त्यांच्यातलीच एक, भालेकऱ्यांच्या रांगेत उभी राहते. ओळखीतली मराठी मंडळी विचारतात, जिथे माणसं मेली तिथे जत्रा कशाला? मला यात काही गैर दिसत नाही. का, ते सांगते.

आधी थोडा इतिहास. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यात १६४२ मध्ये युद्ध पेटलं. नॅन्टविच संसदेच्या बाजूचं. लॉर्ड बायरनच्या राजपक्षीय फौजेने त्याला वेढा घातला आणि सर थॉमस फेअरफॅक्स तो उठवायला आला. नेमका तेव्हाच बर्फ वितळून विव्हर नदीला पूर आला, पूल वाहून गेला, बायरनचं पायदळ एका काठावर आणि घोडदळ दुसऱ्या. घोडदळाने लांबच्या पुलावरून वळसा घालेपर्यंत इकडे पायदळाचा निकाल लागला होता. सुमारे दीड हजार कैदी पडले. त्यांतले बरेच पुढे संसदेच्याच फौजेत भरती झाले. जॉर्ज मंकही त्या कैद्यांत होता. त्यानेच १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सला गादीवर परत आणलं.

आमची सील्ड नॉट ही संस्था १९६८ ची. काढली ब्रिगेडियर पीटर यंग यांनी. ते दुसऱ्या महायुद्धातले कमांडो. १९४२ च्या फ्रान्समधल्या दिएपच्या छाप्यात मूठभर माणसांनिशी त्यांनी एका जर्मन तोफखान्याला बेजार केलं होतं. पुढे सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत ते युद्धेतिहास शिकवत. पहिल्या चार्ल्सला मारल्यावर राजपक्षीयांनी १६५० च्या दशकात एक गुप्त मंडळ चालवलं होतं, संस्थेने त्याचंच नाव घेतलं. ज्या माणसाने खऱ्या गोळ्या झेलल्या त्यानेच हे सुरू केलं, हे मला मोलाचं वाटतं.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. भाला सोळा फुटांचा. जरा वारा सुटला की टोक डोलायला लागतं आणि मनगटं भरून येतात. समोरची तुकडी भिडली की इजा होऊ नये म्हणून भाले उभे धरतात आणि मग नुसती खांद्याने रेटारेटी. पुढचं काही दिसत नाही. मागचा ढकलतो म्हणून आपण पुढे जातो. पलटण एकाएकी का फुटते, हे मला तिथे अंगाने कळलं. मागची रांग सैल झाली की पुढच्याचे पाय उखडतातच, तो कितीही शूर असो. बंदुकवाल्यांचं वेगळंच. तोड्याची बंदूक, सोऱ्यात भिजवलेला दोर दोन्ही टोकांनी धुमसत बोटांत धरायचा आणि त्याच हातांनी दारू भरायची. गोळी नसते, दारू खरी असते. पाऊस आला की रंजक, म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू, भिजतं आणि बार उडतच नाही. जानेवारीतल्या चेशायरमध्ये हे वरचेवर होतं. असं झालं की सेनापतीचे बेत कसे कोलमडत असतील ते समजतं.

आणखी एक. संख्या जुळत नसेल तर आमच्या तुकडीला त्या दिवसापुरतं दुसऱ्या बाजूने लढायला सांगतात. आज राजाचे, उद्या संसदेचे. हरलेल्या बाजूलाही घरंदारं होती, हे त्यातून आपोआप मनात उतरतं.

सडेतोड

ताई, लिहिलंय छान, पण पटलं नाही. तुमच्या नॅन्टविचपासून जवळच बार्थॉम्ली गाव आहे. या लढाईच्या महिनाभर आधी, डिसेंबर १६४३ मध्ये, तिथली माणसं चर्चच्या मनोऱ्यात लपली होती. याच बायरनच्या शिपायांनी खाली आग लावून त्यांना धुराने बाहेर काढलं आणि शरण आलेल्यांपैकी बाराजणांना कापलं. बायरनने पत्रात त्याचं समर्थन केलं: असल्या लोकांवर दया करणं हाच क्रूरपणा. १६४५ मध्ये नेझबीची लढाई जिंकलेल्या संसदेच्या सैनिकांनी राजाच्या छावणीतल्या शंभरेक बायका मारल्या, उरलेल्यांचे चेहरे विद्रूप केले. हे तुम्ही हिरवळीवर करून दाखवता का? नाही, आणि दाखवूही नये. मग जे उरतं ते युद्धाचं सोज्वळ रूप.

या युद्धांनी इंग्लंडमध्ये सुमारे दोन लाख माणसं खाल्ली असा अंदाज आहे. त्यातली जास्त साथींनी गेली. हगवण आणि तापाने मेलेल्यांची रेटारेटी नसते. मेलेला उठून कपडे झटकतो तेव्हा पाहणाऱ्या पोराला युद्ध म्हणजे काय कळलं? अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याकडे तिथल्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्ग, अँटिएटमसारख्या रणभूमी आहेत. समोरासमोर गोळीबार आणि लोक पडण्याचं नाटक त्यांच्या जमिनीवर करायला त्यांनी बंदी घातली आहे. कवायत दाखवा, बंदूक उडवून दाखवा, लढाई नको. मला हीच रेषा योग्य वाटते.

करवीरकर

सडेतोड, तुमचा मुद्दा मरणाचा आहे, तो मान्य. पण हत्याराची विद्या हातातून हातात जाते, तिचं काय? कोल्हापुरात मर्दानी खेळांचे आखाडे आहेत म्हणून दांडपट्टा कसा फिरतो ते आज आपल्याला ठाऊक आहे. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट वळतच नाही, सगळा वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेला पट्टा बघून हे शंभर वर्षांत कुणाला सुचलं नसतं. विव्हरकाठ म्हणतात ते भाल्याचं ज्ञान याच जातीचं आहे. माझं तर म्हणणं, आपल्याकडेही अशी संस्था हवी, अभ्यास करून, शिवणीपासून जोड्यापर्यंत सगळं तपासून काम करणारी.

ठाणेकरीण

आपल्याकडे? समोरच्या बाजूने कोण उभं राहणार, करवीरकर? सील्ड नॉटमध्ये माणूस सहज बाजू बदलतो, कारण चार शतकांनी तिथे राजा की संसद यावरून कुणाचं डोकं फुटत नाही. आपल्याकडे मुघलाचा झगा घालून उभ्या राहिलेल्या पोराला लोक खरोखर मारतील अशी मला भीती आहे. जखम ओली असताना नाटक करू नये. मर्दानी खेळ जरूर जपा. त्यात शत्रूचा चेहरा नसतो, म्हणून तो सुरक्षित आहे.

दूरदेशी

मी पेनसिल्व्हेनियात आहे. वरचं सगळं वाचलं. ठाणेकरीण म्हणतात तसं जखम सुकल्यावर तरी हे निर्धोक होतं का, मला शंका आहे. १९१३ मध्ये गेटिसबर्गला लढाईच्या पन्नासाव्या वर्षी पन्नास हजारांहून जास्त म्हातारे सैनिक जमले. दक्षिणेच्या सेनापती पिकेटच्या पलटणी ज्या दगडी कुंपणावर चालून गेल्या होत्या, त्याच कुंपणावरून दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांनी हस्तांदोलन केलं. फोटो बघून गळा दाटतो. पण त्या सोहळ्यात गुलामगिरीचं नावही कुणाला काढायचं नव्हतं. ज्यांच्यासाठी युद्ध झालं ते काळे लोक त्या चित्रातच नाहीत. विव्हरकाठ ज्याचं कौतुक करतात, दोन्ही बाजूंना सारखं समजून घेणं, त्याचीच ही दुसरी बाजू. दोघेही शूर, दोघेही आपलेच, असं म्हणता म्हणता युद्ध कशावरून झालं तेच गायब होतं. इथे दक्षिणेचा राखाडी गणवेश घालणारे पुष्कळ जण 'मी फक्त इतिहास जगतो' म्हणतात. त्यातले बरेच प्रामाणिक असतात. तरी तो गणवेश बघणाऱ्या काळ्या बाईला काय वाटत असेल, हा प्रश्न त्यांनी टाळू नये.

विव्हरकाठ

दूरदेशी, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. हा धोका खरा आहे. आमच्याकडे त्याचं रूप आयर्लंडचं आहे. बायरनच्या पायदळात आयर्लंडमधून परत आणलेल्या पलटणी होत्या. १६४४ मध्येच संसदेने हुकूम काढला की पकडलेल्या आयरिश सैनिकाला जीवदान देऊ नये. पुढे संसदेचा सेनापती क्रॉमवेल याने आयर्लंडमध्ये कत्तली केल्या. हिरवळीवर हे दिसत नाही. पण लढाईपेक्षा जास्त वेळ आम्ही छावणीत असतो आणि तिथे लोक येऊन प्रश्न विचारतात. शस्त्रवैद्याच्या टेबलावर करवत ठेवलेली असते. पायाला गोळी लागली तर काय करायचे, हे तो मुलांना न गाळता सांगतो. बार्थॉम्लीबद्दल मी स्वतः सांगते, कुणी विचारलं नाही तरी. सडेतोड, तुम्ही दिलेली नावं माझ्या कानावर पडली ती याच मंडळींमुळे, शेकोटीभोवती. शाळेत सतराव्या शतकाचा हा भाग बऱ्याच मुलांना धड शिकवलाही जात नाही.

खऱ्या रणभूमीबाबत मात्र मी तुमच्या बाजूची आहे. आमची गळालेली बटणं आणि बकल जमिनीत गेली तर उद्याच्या उत्खननात घोळ होईल. लढाई जिथे झाली ती शेतं सोडून गावाच्या हिरवळीवर खेळ होतो हे चांगलंच आहे.

सडेतोड

छावणीबद्दल वाद नाही. छावणी ठेवा, वैद्य ठेवा, कवायत ठेवा. माझा आक्षेप दुपारच्या त्या लढाईवर आहे, आणि लोक येतात ते तिच्यासाठीच.

विव्हरकाठ

हो, लढाईसाठीच येतात. तिच्याशिवाय जानेवारीच्या थंडीत वैद्याच्या टेबलापर्यंत कुणी पोचणार नाही. म्हणून मला ती हवी आहे.

करवीरकर

ताई, एक व्यवहाराचं विचारतो. बंदुकीच्या दारूचा परवाना कसा मिळतो? आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. त्यामुळे सुरुवात पट्टा आणि विट्यावरच (दोरी बांधलेला भाला) करावी म्हणतो.

विव्हरकाठ

इथे बंदुकीसाठी शॉटगनचं प्रमाणपत्र आणि काळ्या दारूसाठी स्फोटकांचं वेगळं प्रमाणपत्र, दोन्ही पोलिसांकडून. त्याआधी संस्थेत शिकून परीक्षा द्यावी लागते. विट्यापासून सुरुवात करा, आणि ठाणेकरीण ताईंच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच बैठकीत ठरवा. समोर कोण उभं राहणार आणि त्याची काळजी कोण घेणार, हे नक्की होईपर्यंत मैदानात उतरू नका.