पुतणीचा वादविवाद आणि माझा रूरल कोटा

प्रश्न (खानापूर तालुका)
पुतणी बेळगावात पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) आहे. कॉलेजात वादविवाद लागलाय: वंश बघून कॉलेज प्रवेश देणं न्याय्य आहे का? तिला 'नाही' बाजू आलीय. म्हणते, "काका, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंच 2023 ला हार्वर्डचं बंद केलं, मग काय राहिलं?"

मी गप्प. कारण मी स्वतः सीईटीत रूरल कोट्यातून इंजिनिअरिंगला गेलोय. पहिली ते दहावी खेड्यात शिकल्याचा कागद, हेडमास्तरांची सही, त्यावर बीईओंचा (गटशिक्षणाधिकाऱ्यांचा) पसरलेला निळा शिक्का. ट्रंकेत आहे अजून. बाकावरचा मित्र गणितात माझ्यापेक्षा पुढं, पण चौथीला वडिलांच्या बदलीमुळं एक वर्ष शहरात होता. दहातलं एक कमी, कोटा गेला. कुठल्या तोंडानं तिला चूक म्हणू?

उत्तर (निपाणी, शिकवतो)
आधी एक दुरुस्ती. तिथं राखीव जागा नव्हत्याच; 1978 च्या 'बाकी' (Bakke) नावाच्या खटल्यात त्या बाद झाल्या. वंश हा अर्जातल्या अनेक मुद्द्यांपैकी एक होता. म्हणून आपल्या थ्री-बीच्या (कर्नाटकातला मराठा, लिंगायत वगैरेंचा मागास प्रवर्ग) 5 टक्क्यांशी तुलना करू देऊ नका, परीक्षक तिथंच धरतील. आणि 2023 नंतरही वंशामुळं काय सोसलं ते मुलगा निबंधात लिहू शकतो. माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना मिळणाऱ्या झुकत्या मापाला मात्र त्या निकालानं हात लावला नाही.

उत्तर (बेळगाव, वडगाव)
अमेरिका कशाला? थ्री-बीत वाड्यातला पाटील आणि त्याच्या शेतात रोजगाराला जाणारा, दोघं एकाच रांगेत. क्रीमी लेयर म्हणाल, तर उत्पन्नाचा दाखला कसा निघतोय ते आपल्याला ठाऊक आहेच की. माझी भाची महाराष्ट्राच्या प्रवेशातल्या ई-टाईप गटातून कोल्हापूरला गेली. सीमाभागातली मराठी म्हणून. तेव्हा कुणी न्याय-अन्याय काढला नाही बघा.

प्रश्नकर्ता
निपाणीच्या सरांचे आभार. पुतणीला वाचून दाखवलं, तर ती माझ्या मित्राचंच विचारत बसली. फोन लावला त्याला. हसला. "चौथीला मामाकडं ठेवायला पाहिजे होतं मला," म्हणाला आणि लगेच यंदा काजू कसा आहे ते विचारायला लागला.

आता अडचण वेगळीच. स्पर्धा कन्नडात आहे. 'वंश' म्हटलं तर तिकडं घराणं होतंय. जनांग चालेल का?