पुरीची रथयात्रा, सोबत आई. जमेल का?

गोदाकाठ:
मंडळी, आईचं (वय 68) कधीपासून चाललंय की जगन्नाथाचा रथ बघायचाच आणि दोर ओढायचाच. गुडघे कुरकुरतात पण हट्ट कायम. ट्रेनला आत्ताच वेटिंग दाखवतंय, म्हणून विमानाने भुवनेश्वर आणि पुढे टॅक्सी. त्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला काही दिसतं का हो? आणि दुसऱ्या दिवशी निवांत मंदिरात दर्शन घेऊन परत, हा प्लॅन ठीक ना?

कटकचा_जावई:
प्लॅन बदला आधी. देव रथात बसून गुंडिचा मंदिरात गेले की मोठ्या देवळातलं सिंहासन रिकामंच, दर्शन कुणाचं घेणार? आणि रथाच्या आधीचे पंधरा दिवसही स्नानपौर्णिमेला न्हाऊन देव आजारी पडलेले असतात म्हणून दर्शन बंद.
पहिल्या दिवशी बडदांडावर (रथ जातात तो मोठा रस्ता) खाली उभं राहायचं नाही म्हणजे नाही. कडेच्या घरांच्या नि लॉजच्या गच्च्या भाड्याने मिळतात, पैसे चांगलेच मोजतात पण खुर्ची, सावली, बाथरूम आहे का हे आधी विचारून घ्या, आणि सकाळी लवकर पोचा कारण गाड्या लांबच अडवतात. पहंडी चुकवू नका, देवांना झुलवत झुलवत बाहेर आणतात तेव्हा डोक्यावरचा तो फुलांचा भलामोठा मुकुट, ताहिया, असा काही डुलतो की अख्खा रस्ता ओरडत असतो. मग पुरीचे राजे गजपती महाराज सोन्याच्या मुठीच्या झाडूने रथ झाडतात आणि त्यानंतर ओढणं, आधी बलभद्राचा, मग सुभद्रेचा, जगन्नाथाचा शेवटी. अंधार पडला की रथ असेल तिथे थांबतो, उरलेलं दुसऱ्या दिवशी. त्यामुळे त्याच रात्रीचं परतीचं तिकीट काढू नका.

टाळकुटे:
गच्ची कशाला एवढी महागाची? दुसऱ्या दिवशी पहाटे गुंडिचापाशी जा, देव रथावरच असतात, जवळून दिसतात.

कटकचा_जावई:
@टाळकुटे अहो तिथेच 2025 ला पहाटे चेंगराचेंगरी होऊन 3 जण गेले. तरण्याताठ्यांना ठीक, 68 वर्षांच्या बाईंना नको. त्यापेक्षा मधल्या दिवसांत, देव गुंडिचात बसले की आडप मंडपाचं (तिथे देव बसतात ती जागा) दर्शन घ्या, रांग असते पण रेटारेटी त्या मानाने कमी.

टाळकुटे:
बरं ते पटलं. देवांचा सोन्याच्या दागिन्यांतला साज, सुना बेश, मात्र नेमका आपल्या आषाढी एकादशीला येतो, त्यामुळे आमच्याकडे दरवर्षी पंढरपूर की पुरी यावर वाद. गर्दी तेव्हाही तुफान, सांगून ठेवतो. दोराचं म्हणाल तर भोवती पोलिसांचं कडं असतं, नुसता हात लागला तरी आईंना पुण्य पुरेल.

खादाडखाऊ:
परतीच्या यात्रेत मौसीमा मंदिरापाशी रथ थांबतो तेव्हा देवाला पोडपिठा (भाजलेला गोड केकसारखा पदार्थ) असतो, तो कुठेतरी खाच. बाकी उकाडा भयंकर आणि मध्येच पाऊस, इलेक्ट्रॉल ठेवा, आणि आईंच्या पर्समध्ये लॉजचा पत्ता नि तुमचा नंबर कागदावर लिहून टाका कारण त्या गर्दीत फोन लागत नाहीत.